चंद्राची बशी

ग्लास्टनबरीच्या हाय स्ट्रीटवर एका दुकानाच्या काचेमागे बशा मांडल्या होत्या. कपाविना, तळहातात मावणाऱ्या, काठाला सोनेरी रेघ असलेल्या. प्रत्येकीच्या पोटात टॅरोचं एकेक पान: सूर्य, चंद्र, तारा, कंदील धरून उभा असलेला म्हातारा, सिंहाचा जबडा हाताने अलगद मिटवणारी बाई. बाहेर इंग्लंडातला तो बारीक, चिवट पाऊस पडत होता, ज्याला आमच्या कोकणात कुणी पाऊस म्हणणार नाही. भाचीने मला ब्रिस्टलहून मुद्दाम आणलं होतं ते तिथला मठ दाखवायला. 1539 साली आठव्या हेन्रीच्या माणसांनी तो बंद पाडला, म्हाताऱ्या मठाधिपतीला गावाबाहेरच्या टेकडीवर फासावर चढवलं, आणि आज त्या प्रचंड चर्चच्या उरल्यासुरल्या कमानी छपराशिवाय उभ्या आहेत. आम्ही आत गेलोच नाही. पावसाने दुकानात ढकललं आणि मग दुकानातून निघवेना.

तसं त्या रस्त्यावर दुसरं फारसं काही मिळतही नाही. स्फटिक, धूप, वाळवलेल्या पानांच्या जुड्या, मेणबत्त्या, भविष्याची पुस्तकं. भिंतीआड मोडलेल्या वेद्या आणि भिंतीबाहेर नव्या वेद्यांचं सामान, पावतीसह. पंढरपूर, आळंदी पाहिलेल्या माणसाला यात वावगं वाटायचं कारण नाही. देवाच्या दाराशी बाजार असायचाच. इथे देवाचं घर पाडून झाल्यावरही बाजार टिकला, याचंच थोडं कौतुक वाटलं.

दुकानातली बाई बोलकी होती. कोणती बशी जास्त खपते, असं मी भाचीकरवी विचारलं. चंद्र, तारा आणि सूर्य, ती म्हणाली, त्यातही चंद्र. मृत्यूसुद्धा बऱ्यापैकी जातो, तरुण मुलं घेतात, त्यांना तो घोड्यावरचा सांगाडा आवडतो. पण वीज पडून कोसळणारा मनोरा आणि सैतान ही दोन पानं तिने मागवणंच बंद केलं होतं. म्हणजे मरण घरात चालतं, पण घर कोसळलेलं चालत नाही! मला हे फार पटलं. मृत्यू हा सगळ्यांचा असतो, त्याच्याशी लाडीगोडी करता येते; कोसळणारं घर मात्र आपलंच असतं.

गंमत म्हणजे टॅरोच्या सर्वांत जुन्या जोडांपैकी जो सर्वांत सुंदर, त्यातही नेमकी हीच दोन पानं नाहीत. मिलानच्या व्हिस्कोंती आणि स्फोर्झा या सत्ताधारी घराण्यांसाठी पंधराव्या शतकाच्या मध्याला तो रंगवला गेला, सोन्याच्या वर्खावर. त्यातली 74 पानं शिल्लक आहेत. काही न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात, काही बेर्गामोच्या कारारा अकादमीत, उरलेली तिथल्याच एका जुन्या घराण्याकडे. सैतान नाही, मनोरा नाही. ती पानं हरवली की मुळात नव्हतीच, यावर जाणकार अजून भांडतात. दुकानातल्या बाईला विचारलं असतं तर तिने एका वाक्यात निकाल दिला असता.

भाचीने चंद्र घेतला.

या पानावरचं चित्र मोठं विचित्र आहे. वर चंद्र, त्यात खाली पाहणारा एक उदास चेहरा. दोन बाजूंना दोन बुरूज. मधून एक वाट डोंगराकडे गेलेली. वाटेच्या कडेला एक कुत्रा आणि एक लांडगा, दोघे तोंड वर करून रडताहेत. आणि अगदी खाली डबक्यातून नांग्या उगारून वर येऊ पाहणारा एक झिंगा. भाची मला त्याचा अर्थ सांगू लागली: मनाच्या तळातून वर येणारी भीती, अजून आकार न आलेलं काहीतरी. मी ऐकत होते, पण मालवणी माणसाच्या मनाच्या तळातून झिंगा पाहिल्यावर जे वर येतं त्याला आकार असतो, वासही असतो, आणि त्यात कोकम घालायचं की कैरी एवढाच प्रश्न उरतो. तसं बोलून दाखवल्यावर ती म्हणाली, "मावशी, तुला ना, काही पवित्र नाही!" पवित्राचं आणि माझं काय ते पुढे येईलच.

घरी आल्यावर मी ती बशी खिडकीपाशी नेऊन नीट पाहिली. पांढरी चिनी माती, वर काचेसारखी झिलई. चित्र हाताने काढलेलं नव्हतं. ते आधी एका कागदावर छापतात. कागद पाण्यात भिजवला की चित्राचा पातळ पापुद्रा सुटून येतो, तो बशीवर सरकवायचा, रबराच्या पट्टीने खालचं पाणी आणि हवा काढून टाकायची, वाळू द्यायचा आणि बशी पुन्हा भट्टीत घालायची. 800 अंशांच्या आसपास पापुद्रा जळून जातो आणि रंग झिलईत उतरतात. सोन्याच्या रेघेसाठी भट्टी त्याहून जरा मंद ठेवतात. बशी तिरपी धरली की चित्राची कड दिसत होती, नखाला लागेल न लागेल अशी. लांडग्याच्या पाठीवर टाचणीच्या टोकाएवढा एक पांढरा ठिपका होता. तिथे हवेचा बुडबुडा राहून गेला असणार. बुडाशी चिकटपट्टी: जेवणासाठी वापरू नये, मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये. जिच्यात खायचं नाही अशी बशी. मला आधी हसू आलं, मग ताम्हण आठवलं. ताम्हणात तरी कोण जेवतं?

भांड्यावर चित्र छापायची ही युक्ती इंग्लंडचीच, आणि चांगली जुनी आहे. लिव्हरपूलचे जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन यांनी ऑगस्ट 1756 मध्ये शपथेवर लिहून दिलं की, आपण सहा तासांत बाराशेहून जास्त फरशांवर चित्रं छापली. शपथेवर, कारण कुणाचा विश्वासच बसला नसता. तोपर्यंत एकेक फरशी रंगवणारे हात होते. त्या हातांचं पुढे काय झालं ते शपथपत्रात नाही.

मात्र चंद्राच्या या चित्रामागचा हात ठाऊक आहे. पामेला कोलमन स्मिथ. 1878 साली लंडनमध्ये अमेरिकन आईवडिलांच्या पोटी जन्मली, लहानपणाची काही वर्षं जमैकात काढली, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये चित्रकला शिकली. जमैकातल्या लोककथांचं पुस्तक तिने स्वतःच्या चित्रांसह काढलं. लंडनच्या रंगभूमीवर एलन टेरीच्या मंडळीत ती वावरली. पात्रांचे कपडे, नेपथ्य, जे पडेल ते केलं. 1909 साली आर्थर एडवर्ड वेट या गूढविद्येच्या अभ्यासकाने तिच्याकडून टॅरोची सगळी पानं काढून घेतली, 78, आणि ती रायडर या प्रकाशकाने छापली. आज जगात टॅरो म्हणून जे डोळ्यांपुढे येतं ते तिचं चित्र. काम संपवल्यावर तिने न्यूयॉर्कच्या छायाचित्रकार स्टिग्लिट्झला पत्रात कळवलं की, काम मोठं झालं आणि पैसे अगदीच थोडे मिळाले. नंतर ती कॅथलिक झाली, कॉर्नवॉलच्या समुद्रकिनाऱ्याकडे राहायला गेली, आणि 1951 साली तिथल्याच ब्यूड गावी कर्जात वारली. देणी फेडायला तिचं सामानसुमान विकावं लागलं.

ब्रिटनच्या कायद्यात चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर 70 वर्षं राहतो. म्हणजे 2022 उजाडलं आणि तिथे तिची चित्रं सगळ्यांची झाली. आता ती उशांवर आहेत, मोज्यांवर आहेत, बशांवर आहेत. प्रत्येक चित्राच्या खालच्या कोपऱ्यात तिची सही असायची: पी, सी आणि एस ही अक्षरं एकमेकांत वेलीसारखी गुंफलेली. पान उभं, आयताकृती; बशी गोल. गोल कापताना कोपरे जातात. भाचीच्या बशीत चंद्र आहे, कुत्रा आहे, झिंगा आहे. सही नाही.

गोल पानांचं मला विशेष वाटायचं कारण माझं आजोळ सावंतवाडीजवळचं. तिथला गंजिफा गोलच असतो. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे, घोटायचे, गोल कापायचे, रंगवायचे, वर लाख चढवायची. दशावतारी जोडात 120 पानं: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर परशू. दिवसा खेळायला बसलं तर उतारी रामाची आणि रात्री कृष्णाची. हा नियम ज्याने बसवला त्याला माझा नमस्कार आहे. पत्त्याच्या डावात सूर्य बुडतो, आणि त्याची दखल डावालाही घ्यावी लागते!

आजोबांना डाव येत असे. जोड लाकडाच्या रंगीत पेटीत असायचा, सरकत्या झाकणाच्या. ओसरीवर चार माणसं जमली की पेटी निघे. पानतंबाखूच्या हातांनी राम पिसला जाई, वराह उलथा पडे, बुद्धावर कृष्णाची सर होई. खेळायला बसण्याआधी कुणी आंघोळ केलेली मला आठवत नाही. हरल्यावर शिव्या बसत त्या भिडूला. अवतारांना कुणी दोष देत नसे. आणि उद्या काय होणार हे त्या पानांना कधीच कुणी विचारलं नाही. देव हातात असताना माणसं फक्त खेळत होती.

टॅरोही खेळच होता. ऑक्सफर्डला तर्कशास्त्र शिकवणाऱ्या मायकल डमेट या तत्त्वज्ञाने 1980 साली एक जाडजूड ग्रंथ लिहून हेच दाखवून दिलं. इटलीत, मग फ्रान्समध्ये, जर्मन मुलखात शतकानुशतकं लोक या पानांनी हुकुमाचे डाव खेळत. फ्रान्समध्ये अजून खेळतात. फ्रॉइड शनिवारी संध्याकाळी मित्रांबरोबर टॅरोकचा डाव टाकून बसत असे, आणि मनाचा तळ शोधायला त्याला ती पानं लागली नाहीत. 1781 मध्ये पॅरिसच्या कूर द जेबलां या विद्वानाने जाहीर केलं की, हा तर प्राचीन इजिप्तच्या ज्ञानाचा लपवून ठेवलेला ग्रंथ आहे. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी जगात कुणालाच वाचता येत नव्हती. ती शांपोलियनला 1822 मध्ये लागली. वाचता येत नसलेल्या लिपीतलं ज्ञान सांगणं सोपं जातं. चार वर्षांत एतेला नावाच्या माणसाने या पानांवरून भविष्य कसं सांगायचं याचं पुस्तकही काढलं, आणि डाव संपला.

जुन्या फ्रेंच जोडात पहिलं पान रस्त्यावरच्या गारुड्याचं असे, हातचलाखी करणाऱ्याचं. त्याच्यापुढे एक मेज, मेजावर पेले, फासे, चाकू, असलं बाजारी सामान. पामेलाच्या जोडात तेच पान जादूगार झालं. अंगात झगा, डोक्यावर आडव्या आठाचं अनंताचं चिन्ह, भोवती गुलाब आणि लिली, आणि मेजावर पेला, तलवार, काठी, चक्ती अशी चार चिन्हं मांडून ठेवलेली. चक्क पूजा मांडली आहे. बाजारातल्या फळकुटाचा असा चौरंग झाला. दुकानात या पानाचीही बशी होती. घरच्या वेदीवर ठेवायच्या बशीत वेदीचंच चित्र! भाचीला मी ती घे म्हटलं, पण तिला चंद्रच हवा होता.

तिची वेदी, म्हणजे तिच्या भाषेत 'माझा अल्टार', ब्रिस्टलच्या भाड्याच्या घरातल्या बंद शेकोटीवरच्या फळीवर आहे. तिथे आमच्या आईने, म्हणजे तिच्या आजीने, दिलेला पितळी बाळकृष्ण रांगतो. शेजारी मेणबत्ती, कारण उदबत्ती लावली तर धुराचा भोंगा वाजतो. समुद्रावर सापडलेला भोक पडलेला दगड. एक वाळलेला पाइनकोन. तिच्या मैत्रिणीने दिलेली काळ्या मांजराची मूर्ती. आणि आता ही बशी. कामावरून आली की ती आधी अंगठ्या आणि कानातलं काढून बशीत ठेवते. बशीत आणखीही काही असतं: आजीच्या मंगळसूत्रातला एक सुटा काळा मणी, आयर्लंडच्या बोटीचं तिकीट, आणि डोंबिवलीच्या फ्लॅटची किल्ली. तो फ्लॅट तिच्या आईवडिलांनी कधीच विकला. नव्या मालकाने कुलूपही बदललं असणार. किल्लीच्या वजनाखाली झिंगा दिसत नाही.

आमच्या आईच्या देवघरात असली बशी एक मिनिट टिकली नसती. तिथे तांबं, पितळ, चांदी. ताम्हण, पळी, पंचपात्री, निरांजन, गंधाची सहाण, हळदीकुंकवाची कोयरी. चिंच आणि राखेने घासून लख्ख. धातू घासला की शुद्ध होतो, आणि माती एकदा विटाळली की फेकायची, असा तो हिशेब होता. म्हणून संक्रांतीचं सुगड कोरं हवं. हळदीकुंकवाची बोटं ओढलेलं, ऊस, बोरं, हरभरा आणि गाजराचे तुकडे भरलेलं, आणि एकदाच वापरायचं. पणती चालते, नवरात्रातला घट चालतो. माती देवाला चालते ती पहिल्याच दिवशी. चिनी मातीला तर पहिला दिवसही नव्हता. ती परकी, तिच्यात हाडांची पूड असते अशी ख्याती. हाडांची राख घातलेली चिनी माती इंग्लंडात खरोखरच करतात, त्यामुळे आईला अगदीच खोटं पाडता येत नसे. लोणच्याच्या बरणीचं मात्र तिने कधी विचारलं नाही. वरून तपकिरी, खालून पांढरी ती बरणी सोवळ्यातल्या फडताळात खुशाल बसे. मीठ आणि तेल यांच्यापुढे शास्त्र थोडं वाकतं.

पण त्याच घराच्या मागच्या पडवीत एक कोनाडा होता, आणि त्यात एक कपबशी असायची. गड्यांसाठी. चहा वरून ओतला जाई; पिऊन झालं की गड्याने ती स्वतः विसळायची आणि पुन्हा कोनाड्यात पालथी घालायची. कपाचा कान तुटलेला होता. बशीवर गुलाबाची फुलं होती, छापलेलीच, बहुधा लिव्हरपूलच्या त्या युक्तीच्या चुलत वंशातली. देवघरात जिला जागा नाही तीच वस्तू माणसाला बाहेर ठेवायला उपयोगी पडत होती. आईची भक्ती खरी होती. तो कोनाडाही खरा होता. लहानपणी मला त्या बशीवरचे गुलाब घरातल्या कुठल्याही भांड्यापेक्षा आवडत, आणि ती हातात घेतली म्हणून मी मारही खाल्ला आहे. पवित्र या गोष्टीबद्दल भाची मला टोमणा मारते तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे गाभारा येत नाही, तो कोनाडा येतो.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात मातीच्या भांड्याच्या शुद्धीचा उपाय सांगितला आहे: ते पुन्हा भाजावं. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर आईची आठवण येऊन हसू फुटलं. भाचीची बशी एकदा कच्च्या मातीची म्हणून भाजली, एकदा झिलईसाठी, मग चित्रासाठी, मग सोन्यासाठी. शास्त्राप्रमाणे तिच्याइतकी शुद्ध वस्तू त्या घरात दुसरी नसेल. बाळकृष्णाला तर वर्षानुवर्षं चिंचही लागलेली नाही.

मातीची आणि घरातल्या देवाची जोडी आपल्याकडे केवढी जुनी आहे, हे इनामगावला कळतं. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजच्या लोकांनी 1968 पासून तिथे बरीच वर्षं खोदकाम केलं. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती, लाल मातीवर काळ्या रेघांची सुरेख भांडी. त्यात एका घराच्या जमिनीखाली झाकणाची मातीची पेटी निघाली. पेटीत एक स्त्रीमूर्ती. जोडीला डोकं नसलेली दुसरी आणि मातीचाच एक बैल. मूर्ती भाजलेल्याही नव्हत्या, कच्च्याच. घासायच्या नाहीत, धुवायच्या नाहीत, मिरवायच्या तर नाहीतच. घराखाली ठेवून वर संसार करायचा. देवी होती म्हणावं तर तिला कुणी पाहू नये अशी व्यवस्था, आणि नुसती आठवण म्हणून ठेवली म्हणावं तर बैल कशाला! मला त्या घरातल्या बाईशी दोन शब्द बोलायला फार आवडलं असतं.

भाची रोज सकाळी खऱ्या जोडातलं एक पान काढते. "भविष्य-बिविष्य नाही गं मावशी," ती म्हणाली, "नुसतं एक चित्र मिळतं, दिवसभर डोक्यात ठेवायला." मी वाद घातला नाही. आमच्याकडे देवाला कौल लावतात तोही थोडा असाच. गुरव देवाच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे डोळे न मिटता पाहत बसतात. उजवी पडली तर होकार. माझ्या बहिणीच्या, म्हणजे या मुलीच्या आईच्या, लग्नाचा कौल लावला तेव्हा एकही पाकळी हलेना. तास गेला. नारळ वाढवायला आणलेला मुलगा झोपला. शेवटी गुरव म्हणाला, "देव इचार करता." आम्ही घरी आलो, जेवलो, आणि पुढच्या आठवड्यात वडिलांनी स्वतःच्या जबाबदारीवर होकार कळवून टाकला.

टॅरोला असं गप्प बसता येत नाही. पान काढलं की ते काहीतरी म्हणतंच. 78 पानांत एकही पान कोरं नसतं. आणि इथेच मला बशीचं वेगळेपण जाणवलं. जोडातला चंद्र आज येतो, उद्या येत नाही, उलटा येतो, नको तेव्हा येतो. त्याच्या येण्या-न येण्यालाच अर्थ. बशीतला चंद्र रोज येतो. भट्टीत गेलेलं पान पिसता येत नाही. भविष्य सांगायची त्याची नोकरी तिथेच सुटली, आणि अंगठ्या सांभाळायची लागली. संध्याकाळी दमून आलेली मुलगी त्याच्या तोंडावर किल्ली टाकते, आणि त्याला त्यावर काहीही म्हणायचं नसतं. एखाद्या देवालासुद्धा असली निवृत्ती हवीहवीशी वाटावी.

परत आल्यावर मी सावंतवाडीला गेले होते. राजवाड्याच्या दालनात मंडळी बसून रंगवत असतात. जाऊन पाहता येतं. एके काळी ही कला जवळजवळ बुडाली होती. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी 1970च्या दशकात पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराला गाठून ती पुन्हा उभी केली. आता खेळायला जोड नेणारे थोडे. अवतार पेट्यांवर, तबकांवर आणि कपाखाली ठेवायच्या चकत्यांवर जास्त खपतात. कोण कोणता अवतार नेतो, हे मी विचारलं. गणित तिथेही ग्लास्टनबरीचंच निघालं: राम आणि कृष्ण पटापट जातात, वराहाला मागणी कमी. मी परशुरामाची एक चकती आणि मत्स्याची एक, अशा दोन घेतल्या आणि भाचीला पाठवून दिल्या. चहाचे डाग पडतात म्हणून तिचा घरमालक कटकट करतो, हे मला माहीत होतं.

पार्सल पोचल्यावर तिचा फोन आला.

"मावशी, त्या चकत्यांवर कप ठेवायला हातच होत नाही गं. परशुराम आहे तो!"

"अगं, तुझे पणजोबा त्याला तंबाखूच्या हाताने आपटायचे."

"असू दे. मी दोघांना अल्टारवर ठेवलंय. बाळकृष्णाच्या दोन बाजूंना."

"मग तिथली बशी?"

"फळीवर जागा नव्हती ना. ती आता किटलीशेजारी आहे. चहाची पिशवी काढून ठेवायला एकदम बरोबर मापाची आहे ती."

अंगठ्यांचं आणि किल्लीचं विचारायचं राहून गेलं. मी तिला बुडाच्या चिकटपट्टीची आठवण करून दिली, जेवणासाठी वापरू नये असं लिहिलं होतं ना, म्हणून. ती म्हणाली, पिशवी कुठे खायची असते?